मोकलांच्या नावाने

महाप्याला गास्केट बनवणाऱ्या कंपनीत
जिन्याखाली मेल सर्व्हर. त्याच्यावर जुना टॉवेल,
एसीचं पाणी ठिबकायचं म्हणून मोकलांनी टाकलेला.
एसी बदलला. टॉवेल राहिला.

साहेब म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे, तनुजा.
मोकलांचं खातं बंद कर,
त्यांच्याकडे जाणारं सगळं निर्मलाकडे वळव.

फाईल उघडली.
डावीकडे नाव, मध्ये दोन टिंबं, उजवीकडे माणूस.
(अपूर्णविराम. शाळेत शिकले होते,
तेव्हा वाटलं होतं, हा कधी कशाला लागेल.)

विक्री : देवयानी
खरेदी : मोकल
तक्रार : मोकल
कँटीन : मोकल
कँटीन बंद होऊन तीन वर्षं झाली,
तरी कोणी लिहिलंच असतं की उपम्यात मीठ नाही,
तर ते गेलं असतं मोकलांकडे.

आमच्या गोठिवलीत हे काम भोईर पोस्टमन करायचे.
घर एकच, दारातला शेवगा एकच,
पत्रावर कधी गोठिवली, कधी रबाळे,
सिडको आल्यावर कुठला तरी सेक्टर,
आणि आत्याचं लग्नाआधीचं नाव.
सगळं आमच्याच ओट्यावर.
ते रिटायर झाले तशी आमची वीजबिलं
'पत्ता सापडत नाही' असा शिक्का घेऊन परत जायला लागली.
आम्ही तिथेच बसलेले होतो.

शेवटून तिसरी ओळ
रूट : मोकल

रूट हा कुणी माणूस नव्हे.
मशीनला काही दुखलंखुपलं की ती रूटला लिहिते,
रूट पुढे धाडतो.
मोकल निवृत्त झाले एकतीस मार्चला,
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
आज अठ्ठावीस ऑक्टोबर.

खातं बंद करण्याआधी आत डोकावले.
दोनशे अकरा पत्रं.
रोज पहाटे सव्वातीनला एक :
'बॅकअप झाला नाही. डिस्कवर जागा नाही.'
दुसऱ्या दिवशी तेच. शब्दही तेच.
आवाज चढवलेला नाही,
कालच्याचं काय झालं असं विचारलेलं नाही.

मी तिथेच पायरीवर बसून फोन लावला.
मागे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी पोर रडत होतं.
"सात महिने मला लिहीत होती?"
मोकल म्हणाले, आणि थोडा वेळ काहीच नाही.
मग एकदम कामाचं :
"जुने कॅटलॉग असतील, दोन हजार चौदाचे. उडव.
आणि ऐक, फाईल बदललीस म्हणजे
तिला कळलं असं समजू नकोस.
शेवटी ती एक कमांड द्यावी लागते.
मी एकदा विसरलो होतो,
चार दिवस खरेदीची टपाल कुणालाच नाही."
"देते," म्हटलं.
"टॉवेल आहे का गं अजून?"

कँटीनची ओळ खोडली.
खरेदी, तक्रार निर्मलाकडे.
मोकलांसमोर माझं नाव लिहिलं,
साहेबांना सांगितलं नाही ;
कुणीतरी दिवाळीला 'मोकलसाहेब' म्हणून लिहील,
त्याला 'असा कोणी नाही' हे उत्तर मशीनने देऊ नये.
आणि रूट : तनुजा.
कमांड दिली. पडद्यावर काहीच आलं नाही,
म्हणजे झालं.

पहाटे जाग आली ती फोन उशाशी थरथरला म्हणून.
सव्वातीन.
'बॅकअप झाला.'

एवढंच. पाठवणारा रूट, घेणारा रूट,
मध्ये कुठेही मी नाही.
अंधारात, अर्धवट झोपेत
मी उत्तर लिहिलं : बरं.

चार सेकंदांत ते
मलाच येऊन पोचलं.